बाबांचं पाखरू

भावाला जुळी झाली त्या वर्षी बाईंनी घरातच रविवारचा वर्ग काढला. परदेशात जन्मलेल्या पोरांना आईबापांच्या देशातली झाडं, पाखरं, गाणी ओळखीची व्हावीत, एवढाच हेतू. पोरांना सगळ्यांत आवडली ती बाईंच्या वडिलांची शीळ.

"हे आमच्या गल्लीतलं पाखरू," बाबा सांगत. "नाव विसरलो, पण बोलावलं की येतं."

पोरांनी शीळ वाजवून घरोघरी कान किटवले.

सुट्टीत बाबांना घरीच ठेवून बाई सगळ्या पोरांना घेऊन त्या देशात, थेट बाबांच्या गल्लीत गेल्या. पोरांनी झाडाखाली शीळ घातली. पान हललं नाही. बाई फांद्या न्याहाळू लागल्या. पाखरू आलं नाही, तर शिकवलेलं सगळंच पोरांना थापा वाटणार.

"परत वाजवा, जोरात," त्या म्हणाल्या.

समोरचं दार धाडकन उघडलं. पिठाचे हात तसेच घेऊन एक म्हातारी बाहेर आली.

"कोण वाजवतंय रे?"

"आजी, आम्ही पाखराला बोलावतोय."

"पाखरू कसलं? शेजारचा पोरगा कुंपणावरून अशी शीळ घालायचा, की मी अभ्यास टाकून पळायचे खेळायला. कुठे आहे तो लबाड?"

बाईंनी फोन लावला. "बाबा, पाखरू आलंय."

म्हातारीने फोन हिसकावूनच घेतला. "अरे, आता गुडघे पळू देत नाहीत. तूच ये."

फोनमधून शीळ आली. पोरं नाचायला लागली.

बाबांचं तिकडे जाणं राहूनच गेलं; त्या हिवाळ्यात, एका रविवारी सकाळी वर्ग भरायच्या आधी ते वारले.