केळवणाचं ताट

“पोट दुखतंय म्हणे! पोळी संपवल्याशिवाय पानावरून उठायचं नाही!” लहानपणी आई दटावायची.

आज केळवणाच्या पाटावर बसलेल्या सुमेधाला ते आठवलं. एन्डोस्कोपी झाली होती, आतड्याच्या तुकड्याचा रिपोर्ट सोमवारी यायचा होता. सेलिअ‍ॅक हा आतड्याचा आजार निघाला, तर गहू जन्माचा बंद. “तोवर सासरी कळू देऊ नकोस, सोयरीक मोडेल,” आईनं बजावलं होतं.

काकूनं पुरणपोळी वाढली. समोरच होणाऱ्या सासूबाई बसल्या होत्या. “अगं, नाव घे, मग घास घे!” बायकांनी गलका केला.

आईनं डोळे वटारले. रिपोर्ट सोमवारी बोलणार होता. पोट तर वर्षानुवर्षं बोलतच होतं. सुमेधानं ताट पुढे सरकवलं, मान ताठ केली:

“पुरणपोळीवर सोडली तुपाची धार,
गहू सोसत नाही मला, कौस्तुभरावांच्या घरी भाकरीच खाणार!”