आता दलाल कशाला?

बेल वाजली तेव्हा तिचे केस नवऱ्याच्या मुठीत होते. ते सोडून त्याने दार उघडलं. बाहेर घरं दाखवणारा दलाल उभा होता.

"साहेब, घर विकायचं किंवा भाड्याने द्यायचं असेल तर..."

पुढचं त्याच्या तोंडातच राहिलं. नवऱ्याने गचांडी धरून त्याला भिंतीवर आदळलं. "जगभरातली घरं फोनवर दिसतात रे! तुझ्यासारखी बांडगुळं आता कशाला पोसायची?" एक ठोसा नाकावर बसला, दुसरा पोटात. दलाल दारातल्या चपलांच्या ढिगावर कोसळला आणि थोडा वेळ तिथेच चाचपडत राहिला. मग नाक दाबून जिना उतरून गेला.

"फुकटा साला!" उरलेला राग नवऱ्याने तिच्या कानाखाली काढला. मग रोजच्यासारखा तिचा फोन हिसकावला. कुणाशी बोलली, काय शोधलं, सगळं बोटाने सरकवत पाहिलं. काहीच सापडलं नाही. "जा, ते रक्त पूस. आणि चपला नीट लाव."

ती फडकं घेऊन दारात बसली. रक्त पुसलं, एकेक चप्पल जोडीला लावली. तिच्या स्वतःच्या चपलेत, अंगठ्यापाशी, एक किल्ली होती.



गेल्या आठवड्यात दुकानाच्या रांगेत तिने दलालाला हळूच सांगितलं होतं, "भाऊ, माझ्यापुरती एक खोली बघा. आतून कडी लागेल अशी."