मोठ्या बाईंची पैज

"माझ्या संगणकाला हात लावाल तर खबरदार!" ग्रंथपाल मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी केबिनचं दार धाडकन लावून घेतलं.

तंत्रज्ञ पेनड्राइव्ह हातात धरून तसाच उभा राहिला. वाचनालयातला त्याचा पहिलाच दिवस. इथल्या जुन्या संगणकांना सिस्टिमची नवी आवृत्ती पेलेना, नवे संगणक घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून समितीनं लिनक्सचा ठराव केला होता. फुकट, खुली, जुन्या यंत्रांवरही चालणारी सिस्टिम. मुदत एक महिना. तेवढ्यात कर्मचाऱ्यांना जमलं नाही, तर संगणक कक्षाला कायमचं टाळं. मग नोकरीचे अर्ज भरायला रोज येणाऱ्यांनी जायचं कुठे?

"बाईंचं मनावर घेऊ नका," काउंटरवरचा कारकून म्हणाला. "खरं सांगू का, ही ब्याद मलाही नकोच आहे."

पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरकाकांनी खळीनं माखलेले हात जोडले. "आमचं आता पिकलं पान, साहेब. नवं काय शिकवता?"

पहिला आठवडा पालथ्या घड्यावर पाणी. तंत्रज्ञ शिकवायचा, सगळे माना डोलवायचे, आणि त्याची पाठ वळली की जाडजूड नोंदवह्या बाहेर निघायच्या.

सोमवारी मोठ्या बाई कप घेऊन केबिनबाहेर आल्या. कारकून छपाईचं बटण शोधत घामाघूम झाला होता.

"सापडलं का हो?" बाईंनी विचारलं. "राहू द्या. तुमच्याच्यानं होणं नाही ते. लावता पैज? महिनाअखेरीला सगळे नाक मुठीत धरून जुन्याकडे याल."

"आणि नाही आलो तर?" कारकुनाचे कान लाल झाले होते.

"तर या टेबलावर उभी राहून गाणं म्हणेन."

सगळे फिदीफिदी हसले. बाईंचा गळा म्हणजे फाटका बांबू, हे सगळ्या वाचनालयाला ठाऊक होतं.

त्या दिवसापासून चक्रं फिरली. कारकून जेवणाच्या सुट्टीतही जागचा हलेना. शिपाई मावशींनी रुसलेला प्रिंटर लिनक्सला जोडून दाखवला आणि दिवसभर मान ताठ करून वावरल्या. बाइंडरकाका तर रोज साबणानं हात धुऊन बसायचे. दोन बोटांनी टकटक करत त्यांनी जीर्ण पुस्तकांची अख्खी यादी केली. कुणी अडलं की केबिनच्या दारातून आवाज यायचाच, "बुडाली का होडी?" आणि अडलेला दात-ओठ खात पुन्हा भिडायचा.

महिनाअखेरीला समिती आली. अध्यक्षांनी मागितलेलं पुस्तक काकांनी तीन सेकंदांत शोधून दिलं. कारकुनानं एका बेकार तरुणीचा अर्ज त्यांच्यासमोरच भरून पाठवला. संगणक कक्ष वाचला.

"बाई, टेबल!" मावशी ओरडल्या.

बाई निमूटपणे टेबलावर चढल्या आणि गायल्या. असं बेसूर गाणं त्या भिंतींनी कधी ऐकलं नसेल. काका डोळे पुसत हसत होते. कारकुनानं तर चक्क "वन्समोअर" दिला.

पांगापांग झाल्यावर तंत्रज्ञ केबिनमध्ये गेला.

"रागावू नका, बाई, पण तुम्ही डिवचलं नसतंत तर यातलं एकही माणूस शिकलं नसतं. तुमची जिरवायची म्हणून पेटली सगळी."

"असं होय?" बाई गाणं म्हणून बसलेला घसा खाकरत म्हणाल्या.

"आता हरलातच आहात, तर तुमचाही संगणक बदलू द्या."

"बघा बाई काय ते. मी चहाचं सांगून येते." त्यांनी खुर्ची रिकामी केली आणि दार हलकेच ओढून घेतलं.

तंत्रज्ञानं पेनड्राइव्ह काढला, भिंतीकडे तोंड केलेला मॉनिटर स्वतःकडे वळवला आणि सवयीनं आधी सिस्टिमची माहिती उघडली.

लिनक्स. बसवल्याची तारीख, सहा वर्षांपूर्वीची.