खंडेनवमीचे कॉम्प्युटर

"साहेब, एकही डबा न उघडता तुम्ही आमचे दहा कॉम्प्युटर भंगारात काढलेत," मी आमच्या टायपिंग वर्गाच्या तपासणीला आलेल्या साहेबांना मुलींसमोरच म्हणाले. पाच बंद, पाच संथ, परीक्षा केंद्र रद्द करावे, असं त्यांनी अहवालात लिहिलं होतं. म्हणजे टायपिंगच्या परीक्षेला माझ्या मुलींनी तीस किलोमीटरवर जायचं. निम्म्यांना घरून कुणी सोडणार नाही.

"बाई, बारा वर्षांची यंत्रं आहेत. आता त्यांना हात जोडा," साहेब हसले.

"ते दर खंडेनवमीला जोडतोच. हळदकुंकू लावतो, झेंडू वाहतो. पण सील तोडायचं नाही हा तुमचा नियम, म्हणून बारा वर्षांत आत कुणी डोकावलं नाही."

मी दोन कॉम्प्युटरचं सील तोडून स्क्रू काढले. एका बंद कॉम्प्युटरमधली मेमरीची पट्टी काढली, तिची टोकं खोडरबरानं घासली आणि चालू कॉम्प्युटरच्या रिकाम्या खाचेत दाबून बसवली. हाताला कुंकू लागलं.

"रुकय्या, साहेबांचा अहवाल टाइप कर."

एरवी दाबलेलं अक्षर पडद्यावर उमटायची आम्ही वाट बघायचो. आज अक्षरं तिच्या बोटांबरोबर धावली. 'रद्द करावे'पाशी ती थांबली. "बाई, हे शेवटचं चुकलेलं वाटतंय. खोडू का?"

"सील तोडल्याची नोटीस येईल तुम्हाला," साहेब म्हणाले.

"येऊ द्या. नोटिशीचं उत्तर हीच टाइप करेल, याच कॉम्प्युटरवर. पण आधी तुम्ही उत्तर द्या. केंद्र ठेवताय की नाही?"