दम

"अहो, दम खा जरा!" शाळेच्या मैदानावरच्या कट्ट्यावरून निमकर ओरडले. स्वतः कधी कट्टा सोडत नाहीत, पण दुसऱ्याच्या श्वासाची भारी काळजी. पहिली फेरीसुद्धा पुरी झाली नव्हती आणि मी ध्वजस्तंभाला मिठी मारून धापा टाकत होतो.

लेकीला माझ्या यकृताचा तुकडा द्यायचं ठरलं होतं. रक्तगट जुळला, पण तपासण्या बघून डॉक्टर नाही म्हणाले. "तुमच्याच यकृतावर चरबी आहे. आधी दहा किलो उतरवा."

महिन्याभरात पाच फेऱ्या जमू लागल्या. ध्वजस्तंभापाशी मात्र दर फेरीला थांबायचोच. घरी लेकीला म्हणालो, "काय करू? निमकर म्हणतात दम खा, मग खातो." पलंगावर पडल्या पडल्या ती हसली. डोळे आणखी पिवळे झाले होते.

"बाबा, मी दम धरलाय ना? मग तुम्ही खाऊ नका."

आज कट्ट्यावरून नेहमीची हाक आली. ध्वजस्तंभ समोर आला, बाजूने गेला, मागे पडला. मी थांबलो नाही.

अजून दोन किलो.