टोचतंय

"खाली बघा, आजी. आपल्या पायांकडे," असं म्हणत नर्सबाईनं म्हातारीची वरची पापणी बोटानं उलटी केली.

शिबिरात ज्यांच्या पापण्यांना टाके घातले होते, त्यांना तपासत ती सकाळपासून डोंगर चढत होती. या वस्तीत खुपरीनं पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडलेलं. लहानपणापासून डोळे येत राहायचे, पापणी आतून आखडायची, मग तिचे केस आत वळून बुबुळ घासायचे. म्हातारीच्या उजव्या डोळ्यात फूल पडलं होतं, ते पडलंच. डावा मात्र वाचला होता.

"आता टोचत नाही ना?"

"टोचतं की."

नर्सबाईनं तिला दाराशी, उजेडात बसवलं आणि भिंग लावून पुन्हा पाहिलं. जखम छान भरली होती. केस सगळे बाहेर, शहाण्यासारखे.

"कुठं टोचतं?"

"इथं. नाही, जरा नाकाकडे."

"इथं तर काहीच नाही."

"बारीक असेल. हनुवटी धरून बघा, बाई. तशानं सापडतो."

नर्सबाईनं हनुवटी धरली. म्हातारीनं मान सैल सोडली.

"आधी कोण काढायचं केस?"

"पुतण्याची बायको. ते समोरचं घर तिचं. दोन-चार दिवसांनी यायची चिमटा घेऊन. माझं डोकं मांडीवर घ्यायची आणि सासूच्या कागाळ्या सांगायची. सासू म्हणजे माझीच थोरली जाऊ! मला हसू फुटायचं, की ओरडायची, हलू नका काकी, डोळा फुटेल."

"मग आता येत नाही?"

"कशाला येईल? गुण आला ना मला." म्हातारीनं समोरच्या घराकडे पाहिलं. "तिला बोल लावत नाही मी. पोरं, जनावरं, पाणी, एक का काम आहे? जाता-येता विचारते रस्त्यावरून, बरं आहे ना काकी? मी म्हणते, बरं आहे."

समोरचं दार ओढून घेतलेलं होतं. खालच्या वळणावर गाडीचा हॉर्न वाजला.

"आजी, केस पुन्हा वळला असेल तर परत टाके घालावे लागतील. चला माझ्याबरोबर. गाडीत जागा आहे, डॉक्टर बघतील."

म्हातारी गडबडली. "नको, नको. एवढ्याशासाठी डॉक्टर कशाला? एकच तर आहे. चिमट्यानं काढला की झालं."

नर्सबाई तिच्याकडे बघत राहिली. म्हातारीनं कुणी न सांगताच खाली पाहिलं.

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक. नर्सबाईनं पिशवीतून चिमटा काढला, औषधाच्या बोळ्यानं पुसला आणि उंबऱ्याशी मांडी घालून बसली.

"या. टेका डोकं."

डोकं अगदी हलकं होतं. केसांना चुलीच्या धुराचा वास होता. नर्सबाईनं एका हातानं कपाळ धरलं, पापणी अलगद उचलली आणि शोधत राहिली. गप्प बसणं जड जाऊ लागलं, तशी तिनं स्वतःच्या सासूची एक कागाळी सांगायला घेतली. ती सांगता सांगता दुसरी आठवली. म्हातारीचं पोट हसून गदगदलं.

"हलू नका, आजी."

मग तिनं चिमटा मिटला आणि झटक्यानं मागे घेतला. "निघाला."

म्हातारी सावकाश उठून बसली. पदर सारखा केला. "दाखवा बघू."

नर्सबाईनं चिमटा पुढे धरला. उन्हात त्याची दोन्ही टोकं स्वच्छ चमकत होती.

म्हातारीनं आपला चांगला डोळा अगदी जवळ नेला आणि निरखून निरखून पाहिलं.

"अगं बाई," ती म्हणाली, "केवढा मोठा होता!"