ताटाजवळची किल्ली

लोरीनला रीतभात म्हणून नव्हती. नेटी लू हार्गेटचं हे मत अकरा वर्षांचं जुनं होतं आणि तिने ते कधी लपवलंही नव्हतं. दर रविवारी चर्च सुटलं की सगळे तिच्याकडे जेवायला येत. मुलगा डॉयल त्याच्या ट्रकमधून. सून लोरीन त्याच्या मागून, स्वतःच्या गाडीतून. एका घरातून निघायचं, एका घरी यायचं, आणि गाड्या दोन! बरं, गाडी लावायची तीही रस्त्याकडे तोंड करून. बसायचं दाराजवळच्या खुर्चीत. आणि गाडीची किल्ली ताटाशेजारी, जणू काट्यासुरीबरोबर तीही मांडायची असते.

"आमच्या सूनबाई बसथांब्यावर बसल्यासारख्या जेवतात," नेटी लू चारचौघांत म्हणायची. लोरीन खाली बघून हसायची. किल्ली जागची हलत नसे.

आज नव्या वर्षाचा पहिला दिवस, त्यात रविवार. शेगडीवर डुकराचं हाड घालून चवळी रटरटत होती. आज चवळी पोटात गेली नाही तर वर्षभर नशीब रुसतं. पण नेटी लू खुशीत होती ती वेगळ्याच कारणाने. आजपासून नवा कायदा लागू झाला होता. कोटाखाली किंवा गाडीत पिस्तूल बाळगायला अलाबामात आता शेरीफचा, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाचा, परवाना लागणार नव्हता. आणि इथला शेरीफ कोण, तर तिच्याच बहिणीचा मुलगा रॉयस! ज्याला तिने लहानपणी न्हाऊमाखू घातलं, त्यानेच तिच्या डॉयलचा अर्ज तीनदा परत केला. कारण विचारावं तर तोंडाला कुलूप. म्हणून गेल्या वर्षी ती चर्चच्या बसमधून थेट राजधानीला गेली. चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण आमदारांसमोर ताठ उभी राहून म्हणाली, "माझा मुलगा कसा आहे ते मला ठाऊक आहे. ते मला दुसऱ्याच्या सहीने कळायला नको." टाळ्या पडल्या. त्या टाळ्या तिने वर्षभर पुरवून पुरवून खाल्ल्या.

घरचा नियम मात्र सगळ्या कायद्यांहून जुना होता. प्रार्थनेआधी टोप्या आणि बंदुका बाहेर, ओसरीवरच्या फ्रीझरवर. तिचा नवरा होता तोवर तोही ठेवायचा. आज रॉयसनेही आपलं पिस्तूल मुकाट्याने ठेवलं. डॉयल नुसती टोपी ठेवून आत आला. बसताना त्याचा कोट वर सरकला आणि कमरेचं पिस्तूल दिसलं.

"डॉयल, ते बाहेर ठेवून ये. वाढतेय मी."

"नाही, आई."

"काय म्हणालास?"

"नाही म्हणालो." तो हसत होता. "आता कुणाची परवानगी लागत नाही. तूच तर भांडून आणलंस." लोरीन वाढायला उठत होती. तिच्याकडे न बघताच तो म्हणाला, "तू बस." ती बसली.

त्या टेबलावर नेटी लूला आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं. ती उठली. "रॉयस, मक्याची भाकरी ओव्हनमधून काढायला ये," म्हणत त्याला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि दार लोटलं.

"काढून घे ते त्याच्याकडून."

"कशाच्या आधारावर, मावशी? कालपर्यंत घेता आलं असतं. आज त्याने काहीच गुन्हा केलेला नाही."

"मग घर माझं आहे. मी हाकलते त्याला."

"हाकल. तो हक्क तुझा आहे." रॉयसने आवाज आणखी खाली आणला. "पण तो निघाला की त्याच्यामागून कुणाला जावं लागेल?"

नेटी लूच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. तिने विचारलं, "सही का केली नव्हतीस तू?"

"अर्ज आला की मी तो आठवडाभर टेबलावर ठेवायचो. माझ्या आधीचा शेरीफही ठेवायचा. लोकांना ते ठाऊक असतं. कुणाला काही सांगायचं असेल तर त्या आठवड्यात सांगतात. आया फोन करतात, भाऊ करतात. नाव बाहेर जात नाही. डॉयलच्या वेळी तिन्ही खेपेला एकच फोन आला. लेखी तक्रार दे म्हटलं की ती फोन ठेवायची. सही न करणं, एवढंच माझ्या हातात होतं. आता अर्जच नाही."

"ती म्हणजे कोण?"

रॉयसने भाकरीचं भांडं बाहेर काढलं. त्याने ओव्हन बंद केला.

नेटी लूने दार थोडं उघडलं. डॉयल टेकून बसला होता, पाय पसरून. दाराजवळच्या खुर्चीत लोरीन, पाठ न टेकता. तिच्यामागे खिडकी, खिडकीत तिची गाडी. खुर्चीपासून दार दोन पावलं. दारापासून गाडी फार तर दहा. आणि गाडी वळवायला लागणार नव्हती.

तिने भाकरीचं भांडं उचललं. हाताला चटका बसतोय हे तिला कळलंच नाही. ते टेबलावर ठेवून ती उभी राहिली. प्रार्थना म्हणायची होती.

"ती किल्ली उचल, लोरीन," डॉयल म्हणाला. "आईला आवडत नाही, माहीत आहे ना?"

लोरीनने हात पुढे केला. नेटी लूने त्या हातावर आपला हात ठेवला.

"राहू दे, पोरी," ती म्हणाली. "किल्लीची जागा तिथेच आहे."